स्नूक मागे येतो पण फ्लाय घेत नाही: फ्लाय बदलण्याआधी उभं कुठे राहता ते बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळचे अलिबागकडचे, खाडीवर गळ टाकून जिताडा धरण्यात वाढलेले. आता अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पाला नोकरी, आणि आठ वेटचा (वेट म्हणजे रॉडच्या ताकदीचा नंबर) फ्लाय रॉड नवा घेतलाय. गेला उन्हाळाभर टॅम्पाजवळच्या फोर्ट डी सोटोच्या पुळणीवर जात होतात. स्नूक, म्हणजे जिताड्यासारखाच दिसणारा इथला मासा, अगदी काठाशी, डोळ्यांदेखत पोहताना दिसतात. तुम्ही त्यांच्या मागोमाग चालत फ्लाय, म्हणजे गळावर पीस-दोऱ्याने बांधलेली खोटी मासोळी, फेकता. मग एक तर ते सुसाट खोल पाण्यात निघून जातात, नाहीतर फ्लायच्या मागे थोडं येऊन तोंड फिरवतात. पांढरी, गुलाबी, पोपटी, सगळ्या रंगांच्या फ्लाय वापरून झाल्या. तेव्हा नेमकी कुठली घ्यावी, आणि लागलाच तर घरी नेता येतो का, असं विचारलंय.

फ्लायचं सांगतो, पण बरंच पुढे. कारण तुमची अडचण फ्लायची नाहीच. तुम्ही माशाच्या मागून चालता आणि मागून फेकता, सगळं तिथे अडतंय. मी टॅम्पाच्या दक्षिणेला सारासोटाच्या बाजूला राहतो आणि बरीच वर्षं नवख्यांना किनाऱ्यावर घेऊन जातो. ज्यांना स्नूक दिसतो पण लागत नाही, त्यांच्यातले बहुतेक जण हेच करत असतात.

माशाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. स्नूक किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे चाललाय, तुम्ही त्याच्या दक्षिणेला. फ्लाय त्याच्या तोंडापुढे पडावी म्हणून तुम्ही ती त्याच्या डोक्यावरून पुढे फेकता. दोरी त्याच्या पाठीवर पडते, हा पहिला धक्का. मग तुम्ही दोरी ओढायला लागता आणि दोन इंची ‘मासोळी’ सरळ त्याच्या तोंडावर चाल करून येते. शिकार अशी शिकाऱ्याच्या अंगावर धावत नाही. असं काही दिसलं की स्नूकला ते भक्ष्य वाटतच नाही, धोका वाटतो, आणि तो पळतो. तिथे फ्लायचा रंग कुठलाही असला तरी फरक पडत नाही.

म्हणून मासा दिसला की लगेच फेकू नका. आधी त्याची दिशा नीट बघून घ्या. मग पाण्यापासून दूर, कोरड्या वाळूवर सरका आणि लांबून वळसा घालून त्याच्या पुढे जा. स्नूक काठाने रमतगमत पोहतो, झपाझप चालणारा माणूस त्याला सहज गाठतो. चांगलं पुढे गेलात की थांबा आणि गुडघ्यावर बसा. आता मासा तुमच्याकडे येतोय. फ्लाय त्याच्या वाटेवर, त्याच्यापुढे सहा-आठ फुटांवर, किनाऱ्याला समांतर टाका आणि बुडू द्या. तो तीन-चार फुटांवर आला की दोरी हलकेच ओढायला सुरुवात करा. आता तीच फ्लाय त्याच्यापासून दूर पळतेय आणि दोरी त्याच्या पाठीवर नाही. तीस फुटांची फेक इथे पुरते. साठ फूट फेकता येण्यापेक्षा तीस फूट नेमक्या जागी, आवाज न करता टाकता येणं जास्त कामाचं. वळसा घालताना एक सांभाळा: मे ते ऑक्टोबर या किनाऱ्यांवर समुद्री कासवांची घरटी असतात. खुंट्या आणि पट्ट्या लावून आखलेल्या जागेत पाऊल टाकायचं नाही.

आता मासा असतो कुठे, तेही महत्त्वाचं. उन्हाळ्यात स्नूक अंडी घालायला खाड्यांच्या मुखाशी जमतात. इथे त्या मुखांना ‘पास’ म्हणतात. मधल्या वेळात ते आसपासच्या पुळणींवर फिरत खात असतात. पहिली लाट फुटते तिच्या आत, काठाला लागून वाळूत एक चर असतो. तोच त्यांचा रस्ता. पुष्कळ लोक गुडघाभर पाण्यात उभे राहून लांब समुद्रात फेकत राहतात आणि मासे त्यांच्या पाठीमागून निघून जातात. त्यामुळे सुरुवातीला पाण्यात पायच घालू नका. वाळूवरूनच, पाण्याच्या कडेपासून चार-पाच पावलं मागे राहून बघत चला. हा चर एकसारखा राहत नाही. वादळानंतर तो सरकतो, कुठे बुजतो, कुठे खोल होतो. आमच्याकडचा मिडनाइट पास १९८३ मध्ये बुजवला होता, तो २०२४ च्या वादळांनी पुन्हा उघडला आणि आसपासच्या पुळणीचा नकाशाच बदलला. तेव्हा गेल्या वर्षीची जागा यंदा चालेलच असं धरू नका, दर मोसमात किनारा नव्याने चालून बघा.

उजेडाच्या बाबतीत तुम्ही घरच्यासारखेच आहात. हा किनाराही कोकणासारखा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीवर असतं आणि चरातलं पाणी तळापर्यंत उजळतं. नऊ ते बारा ही माझी आवडती वेळ. त्याआधी ऊन फार तिरपं, आणि दुपारनंतर ते समुद्राच्या बाजूने डोळ्यांवर येतं. शिवाय दुपारच्या सुमाराला समुद्रावरचा वारा सुटतो, लाट वाढते, वाळू ढवळून पाणी गढूळ होतं. पोलराइज्ड चष्म्याशिवाय जाऊ नका. काच तांबूस किंवा अंबर रंगाची घ्या, काळपट नको. आणि मासा शोधू नका, सावली शोधा. पिवळसर वाळूवर स्नूकचं अंग विरघळून जातं, सावली मात्र स्पष्ट सरकताना दिसते.

वारा सुटल्यावर एक बारकावा. तुम्ही उजव्या हाताने फेकत असाल तर उत्तरेकडून येणारे मासे निवडा. उत्तरेकडे तोंड केलं की समुद्र डावीकडे, म्हणजे वारा डावीकडून येतो आणि दोरी तुमच्या डोक्यापासून लांब ढकलतो. दक्षिणेकडून येणाऱ्या माशासाठी तोंड फिरवलंत की तोच वारा उजव्या खांद्यावर येतो आणि फ्लाय कानाजवळून जाते. तेव्हा रॉड डाव्या खांद्यावरून फिरवा, नाहीतर तो मासा सोडून द्या. कानात रुतलेला गळ काढायला दवाखाना गाठावा लागतो.

तुमचा जिताड्याचा अनुभव इथे किती उपयोगी, तर अर्धा पूर्णपणे आणि अर्धा अजिबात नाही. दोघं दिसायला भाऊभाऊ: तेच उतरतं कपाळ, तोच पुढे आलेला खालचा जबडा. पूर्वी शास्त्रज्ञांनी त्यांना एकाच कुळात धरलं होतं. दोघंही खाऱ्या आणि गोड्या पाण्यात वावरतात. दोघांमध्येही मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. किनाऱ्यावर एका मोठ्या स्नूकभोवती पाच-सात लहान दिसले, तर मोठी मादी आणि बाकी नर, असं समजा. भक्ष्य धरायची रीतही तीच: पाण्याच्या ओढीच्या (प्रवाहाच्या) कडेला दबा धरून बसायचं आणि पाण्याने वाहत आणलेलं गिळायचं. हे सगळं तुमच्या अंगात आहे. फरक पाण्याचा. रायगडच्या खाड्यांत पाणी गाळाने भरलेलं, तिथे जिताड्याला तुम्ही दिसत नाही, म्हणून जिवंत कोळंबी लावून नुसतं बसून राहिलं तरी चालतं. इथल्या पुळणीवर पाणी काचेसारखं स्वच्छ. तुम्हाला तो दिसतो त्याच्या आधी बहुधा तुम्ही त्याला दिसलेले असता. गुडघ्यावर बसा असं म्हणतो ते त्यासाठी. पांढरा किंवा भडक शर्टही नको, आकाशाच्या रंगाचा फिका निळा बरा.

मागे येऊन तोंड फिरवणारा मासा, हा प्रश्नाचा दुसरा भाग, आणि यात पुष्कळ काही परिस्थितीवर असतं. मागे येतो याचा अर्थ फ्लाय त्याला पटली आहे. मग फिरतो का? बहुतेक वेळा दोनातलं एक कारण असतं. एक तर ओढणं एकसुरी असतं: मासा मागे लागलाय हे बघून माणूस श्वास रोखतो आणि हात आपोआप मंदावतो. पळणारी मासोळी शिकारी जवळ आल्यावर मंदावत नाही. तेव्हा मासा मागे लागला की दोन-तीन झटपट ओढी द्या आणि मग क्षणभर थांबा. त्या थांबण्यावर तो पुष्कळदा झडप घालतो. दुसरं कारण, फ्लाय तुमच्या पायाशी आलेली असते आणि त्याला तुम्ही दिसता. यावर उपाय तोच, अजून मागे आणि अजून खाली बसून फेकणं. फ्लायची खोलीही बघा. त्याचा खालचा जबडा पुढे असतो, नजर वरच्या बाजूला असते. फ्लाय त्याच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा जराशी वर हवी. खाली वाळूत घासत जाणारी फ्लाय त्याच्या नजरेतच येत नाही.

झडप घातल्यावर रॉड वर उचलू नका. ही सवय मोडायला सगळ्यांना वेळ लागतो. स्नूक भक्ष्य चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. रात्री धक्क्याच्या दिव्याखाली ‘टप्’ असा आवाज येतो, तो याचाच. रॉड उचलला की फ्लाय त्या तोंडातून बाहेर ओढली जाते. रॉडचं टोक पाण्याकडे, माशाच्या रोखाने ठेवा आणि डाव्या हाताने दोरी लांब ओढा. वजन जाणवलं की मग रॉड उचला. नुसती ओढ देऊन तो चुकला, तरी फ्लाय पाण्यात त्याच्यासमोरच राहते आणि तो कित्येकदा वळून पुन्हा येतो.

शेवटच्या तंगूसाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून सांगतो. स्नूकच्या दातांचं भय नाही, पण तोंड कानशीसारखं खरखरीत आणि कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं धारदार असतं. वीस पौंड ताकदीच्या लीडरच्या (दोरीपुढच्या बारीक तंगूसाच्या) टोकाला दीड-दोन फूट लांबीचा जाड फ्लुओरोकार्बनचा तंगूस लावावाच लागतो. स्वच्छ पुळणीवर पंचवीस पौंड, धक्के आणि खारफुटीजवळ तीस ते चाळीस. फ्लायला गाठ घट्ट आवळू नका, छोटा न सरकणारा फास ठेवा, म्हणजे ती पाण्यात मोकळी हलते. दोरी तरंगणारी आणि उष्ण पाण्यासाठी बनवलेली हवी. थंड पाण्याची दोरी इथल्या जुलैच्या उन्हात मऊ पडते, गुंतते आणि रॉडच्या कड्यांतून सरकत नाही. ओढलेली दोरी साठवायला कंबरेला टोपली बांधा, नाहीतर लाट ती पायाभोवती गुंडाळते आणि वाळू कड्यांत जाते.

आता भरती-ओहोटी. तुमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, आणि कोकणात ते हिशेब चांगले जमतात. ते इथे सोडून द्या. गल्फच्या, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या, या बाजूला दोन भरत्या सारख्या नसतात. एक मोठी, एक लहान, आणि काही दिवस तर जवळजवळ एकच भरती येते. मुंबई-अलिबागला उधाणाला पाणी चार मीटरपर्यंत चढतं-उतरतं. टॅम्पाला एक मीटरही नाही. त्यात हिवाळ्यात उत्तरेचा जोराचा वारा सुटला की तक्त्यात भरती असली तरी खाडीतलं पाणी बाहेर ढकललं जातं. तक्ता फोनवर बघा, पण पाण्याची उंची बघू नका, पाणी हलतंय का ते बघा. पुळणीवर मला भरतीचा दुसरा भाग आणि ओहोटीची सुरुवात आवडते, चरात पाणी पुरेसं असतं आणि ओढही असते. पाणी थबकलं की मासे दिसतात, खात नाहीत. त्या वेळात सावलीत बसून पाणी प्यावं, उगाच फेकून त्यांना सावध करू नये. आणि पाण्यात उतरलातच तर पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चला. उन्हाळ्यात उथळ वाळूत पाकटं बसलेली असतात. घासल्याने ती आधीच उठून जातात.

पुळणीखेरीजच्या जागा थोडक्यात सांगतो, कारण तुमचा प्रश्न पुळणीचा आहे. खारफुटीत पूर्ण भरतीला मासे फांद्यांच्या आत असतात, तिथे फ्लाय घुसवणं कठीण. ओहोटी लागली की तेच मासे ओहोळाच्या तोंडाशी आणि कालवांच्या खडकांच्या टोकाशी येऊन वाट बघतात, तेव्हा जा. वीडन आयलंड आणि कॉकरोच बे दोन्ही तुम्हाला जवळ आहेत. रात्री धक्क्यांच्या दिव्यांखाली स्नूक उजेड-अंधाराच्या सीमेवर, ओढीकडे तोंड करून उभे असतात. होडीतून किंवा कयाकमधून ओढीच्या वरच्या बाजूला अंधारात लहान पांढरी फ्लाय टाका आणि पाण्यालाच ती उजेडात आणू द्या. धक्के लोकांचे खासगी असतात, त्यांवर चढायचं नाही. हिवाळ्यात मासे नद्या, कालवे, वीजकेंद्रांचं कोमट पाणी असं कुठे ना कुठे ऊब शोधतात. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्यांचं खाणं जवळपास थांबतं.

फ्लाय कुठली, तर पुळणीसाठी दोन पुरेत. पांढरी, दोन इंचांची, नंबर २ च्या गळावर बांधलेली श्मिनो. ही फ्लोरिडातल्याच सॅनिबेल बेटाच्या किनाऱ्यासाठी घडलेली फ्लाय आहे. आणि हलक्या डोळ्यांची पांढरी-पोपटी क्लाउझर. डोळे जड असतील तर ती धप्पकन पडते आणि चरातला मासा उधळतो, म्हणून मणीसाखळीचे डोळे घ्या. कारण साधं: चरात स्नूक जे खातो त्या मासोळ्या लहान, चकाकत्या आणि पांढुरक्या असतात. खारफुटीसाठी थोडी मोठी डिसीव्हर, गळाला गवत-फांदी अडू नये म्हणून पुढे तंगूसाची आड लावलेली. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका.

घरी नेण्याबद्दल. तुम्ही जाता त्या उन्हाळ्याच्या मोसमात, मे ते ऑगस्ट, टॅम्पाच्या बाजूला स्नूक ठेवता येत नाही. धरून सोडता येतो. डिसेंबर ते फेब्रुवारीही बंद असतो. उघड्या मोसमात गल्फच्या बाजूला २८ ते ३३ इंचांमधलाच, माणशी दिवसाला एक, आणि समुद्री मासेमारीच्या परवान्यावर स्नूकचा वेगळा परवाना हवा. राज्याने आता किनाऱ्याचे विभाग पाडलेत आणि नियम विभागानुसार बदलतात, त्यामुळे निघण्याआधी फ्लोरिडाच्या वन्यजीव आयोगाच्या संकेतस्थळावर आपला विभाग बघून घ्या. इथे बाजारात स्नूक मिळत नाही, कारण १९५७ पासून त्याची विक्रीच बंद आहे. कालवण करायचं झालं तर कातडी पूर्ण काढा. कातडीसकट शिजवला तर साबणासारखी चव येते, म्हणून जुने लोक त्याला साबणमासाच म्हणायचे.

माझं मत विचाराल तर उघड्या मोसमातही मी क्वचितच ठेवतो. जानेवारी २०१० च्या थंडीत इथे स्नूक इतके मेले की गल्फच्या बाजूला सप्टेंबर २०१३ पर्यंत एकही ठेवायला परवानगी नव्हती. हा मासा उत्तरेला ज्या हद्दीपर्यंत जगू शकतो त्या हद्दीवर आपण राहतो, आणि एक वाईट आठवडा पुरतो. मोठा मासा म्हणजे मादी, हे वर सांगितलंच. उन्हाळ्यात पाणी गरम आणि त्यात प्राणवायू कमी, तेव्हा हलका रॉड घेऊन मासा दमवत बसू नका. आठ वेटने जोर लावून लवकर आणा, हात ओले करा, जबड्याला लटकवून फोटो काढू नका, पोटाखाली हात ठेवून पाण्यातच आडवा धरा. तो स्वतः शेपूट मारून सुटेपर्यंत सोडू नका. जवळ डॉल्फिन घिरट्या घालत असतील तर फेकणंच थांबवा, सोडलेला दमलेला मासा ते लगेच उचलतात. आणि पासच्या तोंडाशी अंडी घालायला जमलेल्या थव्यावर फ्लाय टाकू नका, पुळणीवरचे सुटे मासे पुष्कळ असतात.

पुढच्या शनिवारी जाल तेव्हा फक्त श्मिनो न्या आणि प्रत्येक माशाच्या पुढे जाऊनच फेका. तरीही फिरले तर इथे लिहा, पण रंग नका लिहू. मासा कुठल्या दिशेने चालला होता, तुम्ही पाण्यापासून किती लांब होता, वारा कुठून होता आणि पाणी चढतं होतं की उतरतं, एवढं सांगा.